गेथशेमानेत झोप कुणाला लागली?

काळ अस्थिर झाला की श्रद्धेवरचा जुना वाद नव्याने पेटतो. साथ, युद्ध, नोकऱ्यांवरचं गंडांतर, बिघडलेलं हवामान, कोणतंही निमित्त पुरतं. एका बाजूचे विश्वासणारे म्हणतात, प्रभूवर भार टाका, चिंता पळून जाईल. आणि नाहीच पळाली, तर तुमचा विश्वास उणा आहे. दुसऱ्या बाजूचे चिकित्सक म्हणतात, ही नुसती मनाची समजूत आहे, दुबळ्यांची कुबडी आहे, शहाण्याने ती फेकून द्यावी. अलीकडे या वादात तिसरा एक आवाज मिसळला आहे आणि तो भलताच समजूतदार वाटतो: देव असो वा नसो, प्रार्थनेने ताण हलका होतो ना, मग करायला हरकत काय? या तिघांचं आपसात पटत नाही असं वरवर दिसतं. मला मात्र तिघेही एकाच पंगतीत बसलेले दिसतात. श्रद्धेचं काम चिंता घालवणं हेच आहे, हे तिघांनीही न तपासता धरून चाललेलं आहे. पहिला म्हणतो ती चिंता घालवते, दुसरा म्हणतो खोटं सांगून घालवते, तिसरा म्हणतो कशी का होईना घालवते ना, मग वापरा.

माझा आक्षेप या मापालाच आहे. ख्रिस्ती श्रद्धा ज्या स्थैर्याबद्दल बोलते, त्यात भीती संपलेली असावी अशी अटच नाही. छातीत धडधडत असताना, उद्याची कसलीही खात्री नसताना, आज जे करायला हवं ते करत राहणं, आणि ते जमतं कारण उद्या आपल्या एकट्याच्या खांद्यावर तोललेला नाही असा भरवसा असतो, हे ते स्थैर्य. म्हणून ते मोजायचंच असेल तर ‘मला किती शांत वाटलं’ हा प्रश्न कामाचा नाही. संकटाच्या दिवशी माझ्या शेजाऱ्याला माझा भरवसा धरता आला का, हा प्रश्न विचारावा लागेल.

हे माझ्या पदरचं तत्त्वज्ञान नाही. शुभवर्तमान उघडून गेथशेमानेच्या बागेतली ती रात्र वाचा. येशूच्या अटकेला थोडा वेळ उरला आहे. ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे’ असं येशू आपल्या शिष्यांना सांगतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर अशी विनवणी पित्याला करतो, आणि शुभवर्तमानकार लूक लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. त्या रात्री झोप कुणाला लागली? पेत्र, याकोब आणि योहान या तिघा शिष्यांना. लूक त्यांची बाजू घेऊन म्हणतो की ते दुःखाने थकून झोपले होते, असतील. पण ‘ज्याला स्वस्थ झोप लागते त्याची श्रद्धा मोठी’ हे माप खरं मानलं, तर त्या रात्री पेत्राचा विश्वास येशूपेक्षा मोठा ठरेल, आणि पहाटे कोंबडा आरवायच्या आत तोच पेत्र तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला. यावर गालील समुद्रातल्या वादळाचं उदाहरण पुढे येईल हे मला ठाऊक आहे. होडी बुडायला आली होती आणि येशू उशाशी उशी घेऊन झोपला होता, हे खरंच आहे. म्हणजे वादळात झोपलेला आणि बागेत तळमळणारा येशू एकच. शांती आली काय नि गेली काय, पित्याशी असलेलं त्याचं नातं दोन्ही ठिकाणी सारखंच होतं.

‘पण त्यानेच तर चिंता करू नका म्हटलं आहे!’ हो, म्हटलं आहे, आणि ते वाक्य शेवटपर्यंत वाचायला हवं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला तो उपदेश संपतो तो ‘ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे’ या शब्दांवर. उद्या सगळं सुरळीत होईल, असं आश्वासन तिथे कुठेही नाही. उलट प्रत्येक दिवसाला त्याचं दुःख असणार हे गृहीतच धरलेलं आहे. मनाई आहे ती उद्याचं दुःख आजच उचलण्याला. प्रेषित पौलाचंही तेच. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे फिलिप्पैकरांना लिहिताना तो बेड्यांत होता, हे प्रवचनांतून आवर्जून सांगितलं जातं. त्याच पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आशिया या रोमन प्रांतातल्या संकटाने आपण जगण्याचीही आशा सोडली होती असं लिहिलं आहे, आणि सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे ख्रिस्ती उपासक-समूहांची, चिंता आपल्याला रोज ग्रासते हेही कबूल केलं आहे. हे मात्र कमी वेळा सांगितलं जातं. उपदेश करणारा आणि कबुली देणारा माणूस एकच आहे आणि यात त्याला काही विसंगती वाटत नाही.

देवाशी भांडणं हे अश्रद्धेचं लक्षण नव्हे, हे मराठी वाचकाला वेगळं पटवून द्यायची गरज पडू नये. विठ्ठलाला खडसावणारे, त्याच्यावर रुसणारे संत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेच्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं खूप मोठ्या संख्येने आहेत. ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ हा त्यांचा नेहमीचा सवाल. बहुतेक विलाप शेवटी भरवशाकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच थांबतं. ज्यांनी हा संग्रह केला त्यांना ते वगळता आलं असतं. त्यांनी ते ठेवलं.

म्हणून चिंतेने खचलेल्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं सांगणाऱ्या उपदेशकांवर माझा राग चिकित्सकांपेक्षा जास्त आहे. एलीया हा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला काय देतो? भाकर आणि पाणी. मग झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. उपदेश एका शब्दाचाही नाही. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले; तेवढंच काय ते त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडल्यावर त्यांनी देवाची बाजू मांडली, ईयोबाचं पाप शोधलं, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप झाला तो या वकिलांवर. आरडाओरडा करणाऱ्या ईयोबाबद्दल देव म्हणतो की तो यथार्थ बोलला. यिर्मया संदेष्ट्याच्या काळातला हनन्या हा संदेष्टाही याच जातकुळीचा. दोन वर्षांत यहूद्यांवरचं बाबेलच्या साम्राज्याचं जू मोडेल, सगळं परत येईल, अशी गोड भविष्यवाणी त्याने मंदिरात सगळ्यांसमोर केली. यिर्मयाने बंदिवासात गेलेल्यांना पत्र लिहून कळवलं ते वेगळंच: सत्तर वर्षं लागतील, तोवर तिथेच घरं बांधा, मळे लावा, त्या परक्या नगराचं भलं पाहा. पुढे यरुशलेमेला वेढा पडलेला, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अशा वेळी त्याने अनाथोथचं शेत सतरा शेकेल रुपं मोजून विकत घेतलं, खरेदीखत साक्षीदारांसमोर करून मातीच्या भांड्यात जपून ठेवायला दिलं. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन! हनन्याने लोकांना धीर दिला आणि तो खोटा निघाला. यिर्मयाने धीर दिला नाही, व्यवहार केला. माझ्या मते श्रद्धेतलं स्थैर्य दाखवायला पवित्र शास्त्रात याहून चोख उदाहरण नाही.

आता चिकित्सकांकडे वळू. त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. धर्म ही लोकांची अफू आहे हे मार्क्सचं १८४४ सालचं वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला पिचलेल्या जिवाचा उसासा आणि खऱ्या दुःखाविरुद्धचा निषेधही म्हटलं आहे, हे उद्धृत करणाऱ्यांपैकी फार थोडे वाचतात. तरी त्याचा मुद्दा उरतोच: परलोकाच्या आशेने माणूस इहलोकातला अन्याय सोसत राहतो. फ्रॉइडने १९२७ साली धर्माला इच्छापूर्तीचा भ्रम ठरवलं. असहाय मुलाला बाप हवा असतो, मोठा झालेला माणूस तो आकाशात कल्पितो. यातही तथ्य नाही असं कोण म्हणेल? आणि इतिहासाचा पुरावा त्यांच्या बाजूने उभा आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाला, लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झालं. तेव्हा मालाग्रिदा नावाच्या, जेझुइट या कॅथलिक संघातल्या पाद्र्याने हा पापांबद्दलचा देवाचा कोप आहे असा प्रचार केला. नगर सावरण्याची धडपड करण्यापेक्षा लोकांनी पश्चात्तापाला लागावं हा त्याचा रोख होता. गुलामांच्या मालकांनी पवित्र शास्त्रातूनच आज्ञाधारकपणाचे धडे दिले. १९३३ मध्ये जर्मनीतल्या कितीतरी मंडळ्यांनी हिटलरमध्ये देवाचा हात पाहिला. भेदरलेल्या राष्ट्राला त्यांनीही स्थैर्यच देऊ केलं होतं. नुसतं स्थैर्य हे मूल्य मानलं की असं होतं.

इतकं मान्य केल्यावर उत्तर काय उरतं? बरंच उरतं. मालाग्रिदाचं तर्कशास्त्र येशूच्या कानावर त्याच्या आधी सतरा शतकं गेलं होतं. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं विचारून ‘नाही’ हे उत्तर त्यानेच दिलं. गुलामांचं उदाहरण तर अफूच्या सिद्धांतावरच उलटतं. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून पवित्र शास्त्राची खास काटछाट केलेली आवृत्ती छापली गेली. त्यातून मोशेने इस्राएलांना मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, दास्यातून बाहेर काढलं ती सगळी हकिगत गाळलेली होती. मला नेहमी प्रश्न पडतो: हे पुस्तक मुळातच झोपवणारं असेल, तर त्याला कात्री लावण्याची गरज मालकवर्गाला का भासावी? ज्यांच्या कानी न कापलेलं शास्त्र पडलं, त्यांच्यापैकीच अमेरिकेतली हॅरिएट टबमन निघाली, गुलामांना रात्री-अपरात्री स्वातंत्र्याच्या वाटेने नेणारी, आणि लोक तिला मोशेच म्हणू लागले.

साथींचा इतिहासही असाच पाहावा. तिसऱ्या शतकाच्या मध्याला रोमन साम्राज्यात भयंकर साथ पसरली. लोक आजाऱ्यांना रस्त्यावर टाकून पळत असताना ख्रिस्ती लोक त्यांची शुश्रूषा करत होते आणि त्यातच मरत होते, असं अलेक्झांड्रियाच्या दियोनिसियस या बिशपने लिहून ठेवलं आहे. बिशप आपल्याच लोकांबद्दल चांगलं लिहिणार, ही शंका रास्त आहे. म्हणून साक्ष विरोधकाची घेऊ. सम्राट जुलियनला ख्रिस्ती धर्माचा तिटकारा होता, जुन्या देवतांची पूजा त्याला पुन्हा रुजवायची होती. सुमारे ३६२ साली तो आपल्या एका मुख्य पुजाऱ्याला वैतागून लिहितो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक त्यांच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे. अफू घेतलेल्या लोकांबद्दल अशी तक्रार कोणी करत नाही.

आणखी एक दाखला, कारण श्रद्धा आणि औषध यांची झुंज लावण्याची खोड दोन्ही बाजूंना आहे. १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ दुसऱ्या गावी हललं, धर्मसुधारक मार्टिन लूथर राहिला. घरी बायको गरोदर, घराचं जवळपास रुग्णालय झालेलं. प्लेगपासून पळावं का, असं विचारणाऱ्यांना त्याने लांबलचक उत्तर लिहिलं. औषध नाकारणारे देवाची परीक्षा पाहतात, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मी घरात धुरी देईन, औषध घेईन आणि देईन, गरज नसेल तिथे जाणार नाही. पण शेजाऱ्याला माझी गरज असेल तर जागाही टाळणार नाही आणि माणूसही. ज्याच्यावर कुणाची जबाबदारी नाही त्याने खुशाल गाव सोडावं, हेही त्याने सांगितलं. हे वाचून एखाद्या खंबीर, निर्भय पुरुषाचं चित्र डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात त्याच वर्षी लूथर त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात गडद नैराश्यातून जात होता. मन ठिकाणावर नव्हतं आणि माणूस जागेवर होता.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य आपल्या अधिक जवळचं. कोवळ्या वयात दुष्काळाच्या वणवणीत आईवडील आणि बहीण गेली, पुढे नवरा गेला. दुःखाने माणूस देवाच्या आडोशाला जाऊन बसतो हे खरं असेल, तर आडोसा शोधायला त्यांच्याइतकी कारणं फार थोड्यांना असतील. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या उपाशी मुली आणि विधवा शोधत मध्य प्रांतात हिंडल्या आणि शेकडोंना घेऊन आल्या. १८९७ च्या प्लेगात सरकारी व्यवस्थेतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. अफूने सुस्तावलेली बाई इंग्रज सरकारशी असं भांडण उकरून काढत नाही. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर त्यांनी हातातून सोडलं नाही. पुढच्याच वर्षी त्याही गेल्या.

यावर चिकित्सकाचा सर्वांत चांगला प्रतिप्रश्न असा: हे सगळं देव न मानणारेही करतात, मग श्रद्धेचं विशेष ते काय? मी हे निमूटपणे मान्य करतो. साथीत पाय रोवून उभे राहिलेल्या डॉक्टर-परिचारिकांत कोणत्याही देवाचं नाव न घेणारे भरपूर असतात आणि त्यांचं धैर्य उसनं नसतं. स्थैर्याचा मक्ता ख्रिस्ती लोकांकडे नाही. फरक पडतो तो स्थैर्याच्या जातीत. प्राचीन ग्रीक-रोमन जगात स्टोइक पंथाने स्थैर्याचा फार सखोल विचार केला. त्या पंथातल्या एपिक्टेटसचा सल्ला आहे की मुलाचं चुंबन घेताना मनाशी म्हणावं, मी एका मर्त्याचं चुंबन घेतोय. म्हणजे ते गेलं तरी तुम्ही ढळणार नाही. त्यात शहाणपण आहे, आणि किंमतही आहे: ढळायचं नसेल तर आधीच थोडं दूर उभं राहायचं. आपल्या मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, थडग्यापाशी येशू रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे माहीत असूनही रडला, असं योहानाचं वर्णन सांगतं. प्रेमात हात आखडता न घेता तग धरायला हे शिकवतं. ज्याला पुनरुत्थानाची आशा आहे त्याला रडण्याची चैन परवडते, असं मी म्हणेन. यावर कोणी म्हणेल, ही आशाच खोटी असेल तर?

तेव्हा त्या तिसऱ्या, समजूतदार आवाजाची गाठ पडते, आणि मला वाटतं सगळ्यात घातक तोच आहे. खरं-खोटं बाजूला ठेवा, उपयोग होतो ना? पौलाने ही तडजोड साफ नाकारली आहे. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, आणि आम्ही सगळ्या माणसांत लाचार आहोत, असं तो करिंथकरांना लिहितो. खोटं असलं तरी उपयोगी आहे, ही पळवाट त्याने स्वतःच बंद करून टाकली. दिलासा मिळतो म्हणून गोष्ट खरी ठरत नाही, हा चिकित्सकांचा मुद्दा म्हणूनच मला पूर्ण मान्य आहे. फक्त त्याची दुसरी बाजूही त्यांनी मान्य करावी की दिलासा मिळतो म्हणून ती खोटीही ठरत नाही. खरेपणाचा निवाडा वेगळ्या जागी, वेगळ्या पुराव्यांवर व्हायचा आहे.

शिवाय उपयोगाचा हिशेब ज्यांनी श्रद्धेची पूर्ण किंमत मोजली त्यांच्यापाशी जुळतच नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगाला कळलं की जवळपास पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाचा स्पर्श जाणवत नव्हता. कुणी म्हणालं ढोंग, कुणी म्हणालं श्रद्धा गमावलेली. रोज पहाटे उठून मरणाऱ्यांची सेवा करणाऱ्या बाईला ‘फायदा’ काय होत होता, हे त्या हिशेबात कुठे मांडायचं? हिटलरविरोधी कटात सामील असलेला जर्मन पाळक डिट्रिख बॉनहोफर एप्रिल १९४३ पासून तुरुंगात होता. १९४४ मध्ये तिथे लिहिलेल्या एका कवितेत तो म्हणतो की लोक मला सांगतात, तू कोठडीतून एखाद्या सरदाराने आपल्या गढीतून बाहेर यावं तसा येतोस. मला मात्र मी पिंजऱ्यातल्या पाखरासारखा अस्वस्थ, आजारी, थकलेला वाटतो. यातला खरा मी कोण? हा प्रश्न तो सोडवत नाही. मी कोणीही असेन, देवा, मी तुझा आहे हे तुला ठाऊक आहे, इतकं म्हणून थांबतो. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिलं. तणावमुक्तीचा उपाय म्हणून ही श्रद्धा कोण विकत घेईल? आणि तरी त्या तुरुंगातले पहारेकरी आणि कैदी हवाई हल्ल्यांच्या रात्री धीर धरत ते त्याच्याकडे पाहून.

हा वाद नीट व्हावा असं वाटत असेल तर सुरुवात आम्हा ख्रिस्ती लोकांनीच करायला हवी. आमच्या मंडळ्यांत साक्षीच्या वेळी उभं राहतात ते ज्यांची प्रार्थना ऐकली गेली ते: आजार बरा झाला, नोकरी लागली, परीक्षा पास झाली. देवाचे आभार मानावेत, जरूर मानावेत. पण ज्याचा आजार बरा झाला नाही, जो अजून गोळ्या घेतो, ज्याला रात्री छातीवर दडपण येतं आणि तरी जो दर रविवारी येऊन बसतो, त्याची साक्ष कोण ऐकतं? तो उभा राहिला की पाळकापासून सगळे अवघडतात आणि पुढचं गीत सुरू होतं. त्याला डॉक्टरकडे जा म्हणणं अविश्वास वाटतो, आणि त्याच्यासोबत दवाखान्यात जायला कुणाला वेळ नसतो. चिकित्सकांना आम्ही दुबळ्यांची टोळी वाटतो, कारण आमचं दुबळेपण आम्ही त्यांच्यापासून आणि एकमेकांपासून लपवतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उपासनेत मोठ्याने वाचावं, जिथे संपतं तिथेच संपू द्यावं, आणि त्यानंतर घाईघाईने आनंदाचं गीत लावू नये.